प्रतिसाद: समऐवजी खुरी बघा

डिसेंबरात आई-बाबा आणि लहान मुलीला घेऊन जैसलमेरला तंबूत राहावं का, असं तुम्ही विचारलंय. बिनधास्त राहा, फक्त समऐवजी खुरी बघा. दोन्ही जैसलमेरपासून साधारण ४०-४५ किलोमीटरवर. समच्या वाळूच्या टेकड्या मोठ्या आहेत हे खरं, पण नाताळात तिथे जीपा आणि डीजेच्या दणदणाटात वाळवंट हरवून जातं. खुरी साधं गाव आहे, रात्री शांतता मिळते.

थंडीला मात्र हलक्यात घेऊ नका. दुपारी २४-२५ अंश असतं, पहाटे ७-८ वर येतं. हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे सूर्य मावळला की वाळू झपाट्याने निवते. कानटोप्या, पायमोजे हवेतच. गरम पाणी किती वाजता मिळतं तेही आधी विचारा.

उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, म्हणजे बसणारा एकदम पुढे झुकतो. मुलीला स्वतःच्या पुढ्यात घ्या आणि त्या क्षणी मागे रेला. उंट खाली बसतानाही तसंच. आईंचे गुडघे दुखत असतील तर सरळ उंटगाडी करा, मजा तेवढीच येते.

तारीख अमावास्येच्या आसपास ठरवा. मृग नक्षत्र, व्याध, कृत्तिका असे स्वच्छ दिसतात की मुलगी झोपायलाच तयार होणार नाही!

आणि एक सकाळ डेझर्ट नॅशनल पार्कमधल्या सुदासरीसाठी ठेवा. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्षी दिसणं आता दुरापास्त झालंय, तिथे अजून आशा आहे. परवानगीची चौकशी जैसलमेरलाच करून घ्या.