१९३३ची रोल्स पुढून आपटते, मागच्यांना डुलवते. शॉकअप ढिले करू का?

गिरगावकर_३३
नमस्कार मंडळी. मी एका घरची १९३३ची रोल्स-रॉइस २०/२५ सांभाळतो (मालक मी नव्हे!). पुढे-मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग), शॉकअप (झोके आवरणारे शॉक ॲब्सॉर्बर) हायड्रॉलिक. दोन वर्षं उभी होती. मग एका गॅरेजने "पुढून बसलीय" म्हणत पुढच्या दोन्ही बाजूंना एकेक पाटा जादा टाकला. आता मरीन ड्राइव्हवर ठीक, पण आत गल्लीत पेव्हर ब्लॉक लागले की दात वाजतात. उड्डाणपुलाच्या सांध्यांवर मागे बसलेल्या बाईसाहेबांची मान नुसती पुढे-मागे. शॉकअप ढिले करू का?

लालबागचा फिटर
भाऊ, शॉकअपला आत्ता हात लावू नका, तो शेवटी. माझ्या उस्तादांचा नियम होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, रस्ता तोच, माणसं तीच, टायरची हवा तीच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गाडी सुधारली तरी कशाने, ते कळत नाही.

आधी पाटे सोडा. दोन वर्षं उभी, त्यात आपली खारी हवा. एकमेकांना चिकटले असणार. चिकटलेले पाटे लहान खड्ड्याला हलतच नाहीत, गाडी नुसत्या टायरवर चालते. तुमचे पेव्हर ब्लॉक तिथेच वाजतायत. घासून, ग्रॅफाइट ग्रीस लावून बांधा.

मग मोजा. चाकांवरचं वजन सुटेपर्यंत चॅसिस जॅकवर उचला, ॲक्सल ते चॅसिस अंतर घ्या. खाली सोडा, चार-पाचदा दाबून हलवा, परत घ्या. फरक १६ सेंमी आला तर ते टोक मिनिटाला साधारण ७५ वेळा झुलणार, १० सेंमी आला तर ९५ वेळा. पाटा कडक तितका झोका जलद.

आता मान का हलते? तुमचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, ११ फूट. ताशी ४० किमीला मागचं चाक त्याच सांध्यावर ०.३ सेकंद उशिरा येतं. मागचं टोक थोडं जलद झुलणारं असेल तर ते पुढच्याला गाठतं आणि गाडी सपाट वर-खाली होते. तुमच्याकडे उलटं करून ठेवलंय, त्यामुळे नाक वर तेव्हा शेपूट खाली. हे मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने पक्कं केलं. रोल्सचा माणूस, १९३० साली जनरल मोटर्सकडे गेला. तिथे त्यांच्या कॅडिलॅकमध्ये सात आसनी लिमोझिनवर वजनं पुढे-मागे सरकवायची, माणसांना फिरवून आणायचं आणि विचारायचं, कसं वाटलं? बसणाऱ्याचं बूड हेच यंत्र.

पण म्हणून पुढचे पाटे फार मऊ करू नका. दोन्ही चाकं जोडणाऱ्या अखंड ॲक्सलला ते झेपत नाही. ब्रेकला ॲक्सल पिळतो, स्टिअरिंग थरथरतं. म्हणून तर कॅडिलॅकने १९३४ला पुढची दोन चाकं वेगवेगळी टांगली आणि पुढे रोल्सने फँटम थ्री या मॉडेलला. जादा पाटा काढा, मूळचे ठेवा, बस्स.

आणि टेस्टला स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या. तुम्ही मागे बसा, गाडी भरून. तुमच्या बाईसाहेब मागेच बसतात.

चाकरमानी८२
काका, फोनमधलं व्हायब्रेशनचं ॲप चालेल का? बूड खोटं बोलू शकतं 😀

लालबागचा फिटर
चालेल की. पण फोन सीटवर नको, गाडीच्या तळाच्या फळीला चिकटपट्टीने बसवा. नाहीतर गादीची स्प्रिंग मोजाल.

गिरगावकर_३३ (तीन आठवड्यांनी)
काका, पाट्यांवरच्या गवसणीतून तेलाऐवजी गंजाची लाल भुकटी निघाली! पुढे ८ सेंमी भरलं होतं. पाटे साफ करून, जादा पाटा काढून आता ११. मागे १४. म्हणजे अजून पुढचंच जलद, पण फरक खूप कमी. रविवारी पहाटे नरिमन पॉइंटवरून चौपाटी आणि मग आत पेव्हर ब्लॉकवर, पाच माणसं घेऊन तीनदा फिरलो. दात वाजत नाहीत. बाईसाहेब चर्नी रोडला झोपल्या, हा रिझल्ट ॲपमध्ये दिसत नाही. सांध्यांवर किंचित टक्कन होतं अजून. आता तरी शॉकअप?

लालबागचा फिटर
हवा किती आहे टायरमध्ये?

गिरगावकर_३३
पंपावर पोराने भरली. विचारलं नाही.

लालबागचा फिटर
मग शॉकअपला हात लावू नका.