पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात: मशीन की चालणं?

प्रश्न: वडिलांचा एबीआय (घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा; आकडा कमी म्हणजे पायाला रक्त कमी) ०.७. दोनशे मीटरवर पोटरी भरून येते. स्नायूंना करंट देणारं मशीन घेतलं तर चालणं टळेल का?

उत्तर: नाही, मशीन फार तर जोडीला. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, दुखणं पूर्ण थांबेपर्यंत बसायचं, परत चालायचं. ३०-४५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा, किमान १२ आठवडे. बरेच जण दुखायच्या आधीच थांबतात, तिथंच घोडं अडतं. तंबाखू बंद, मिश्रीसुद्धा!

उत्तर: मशीन वापरलंच तर त्याचे पॅड पोटरीच्या फुगीर भागावर. स्नायू आकसलेला दिसला पाहिजे, नुसत्या मुंग्या उपयोगाच्या नाहीत. पेसमेकर किंवा पायात रक्ताची गुठळी असेल तर लावू नका. मधुमेहात बधिर कातडी भाजली तरी कळत नाही.

उत्तर: शिवाय मधुमेहात धमन्या कडक होऊन एबीआय खोटा वाढतो, पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजून घ्या. झोपेतही पाय ठणकत असेल, जखम भरत नसेल तर व्यायाम थांबवून लगेच व्हॅस्क्युलर सर्जनकडे (रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे) जा.