शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं... तुमच्या घरचे अनुभव लिहा

टिळकवाडीची आई
बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या आईबापांसाठी हा धागा काढतेय. पोरगं अभ्यासात मागं असणं वेगळं आणि शाळेच्या नावानं त्याला धडकी भरणं वेगळं, खरं हे घरातल्या मोठ्यांना पटवून सांगता सांगता आपलंच डोकं फिरतं. माझी मुलगी पाचवीत आहे. सकाळी युनिफॉर्म घातला की पोट धरून बसते, मळमळतंय म्हणते, आणि रविवारी एकदम ठणठणीत. सासूबाई म्हणतात नाटकं आहेत सगळी. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, ती नॉर्मल आली, वर त्यांनी सांगितलं की दुखणं खोटं नाही हं, भीतीनं पोट खरंच आवळतं, परीक्षेच्या दिवशी मोठ्या माणसांनासुद्धा दोनदा संडासला जावं लागतंच की. ते ऐकून मला निम्मा धीर आला. तुमच्याकडं काय झालं, कशानं फरक पडला ते लिहा. उपदेश नको, आणि शाळेचं किंवा पोरांचं नाव टाकू नका.

खानापूरकर बाबा
ताई, आमच्याकडं आठवीत सुरू झालं. सातवीपर्यंत गावातली मराठी शाळा, सगळे ओळखीचे, मग तालुक्याच्या हायस्कूलला घातलं आणि महिनाभरात पोरगं बसमध्ये चढताना थरथरायला लागलं, श्वास लागतोय म्हणायचं. आम्हाला वाटलं बसच्या गर्दीचं भ्या असेल म्हणून मी गाडीवरनं सोडायला लागलो, तरी तेच. समोर बसवून विचारलं तर काही सांगत नव्हतं. एका रात्री शेतावर पाणी पाजायला गेलो होतो, अंधारात मोटर सुरू करून बांधावर बसलो तेव्हा आपणच बोललं, की कन्नडच्या तासाला उभं राहून वाचायला लावतात आणि अडखळलं की मागची पोरं हसतात.
सरांना भेटलो. मनात धाकधूक होती, आपल्याकडं भाषेचा विषय निघाला की माणसं लगेच दुसरीकडंच जातात, खरं सर चांगले निघाले. उद्या कुठला उतारा वाचायचा ते आदल्या दिवशी सांगायचे, सुरुवातीला दोनच ओळी वाचून घ्यायचे. पोरगं कन्नड ओळीच्या वर पेन्सिलीनं बारीक मराठी अक्षरात उच्चार लिहायचं आणि शेजारच्या कन्नड आजीला वाचून दाखवायचं. आजीला फार मजा वाटायची. हळूहळू वरची पेन्सिल कमी होत गेली. अजून कन्नडमध्ये काठावरच पास होतंय, असूंदे, बसमध्ये आता पोरांबरोबर दंगा करत जातंय.

निपाणीहून
माझं थोडक्यात. मी घरात विड्या वळते, पोरगी सातवीत. शाळेतनं आली की रोज डोकं दुखायचं, चिडचिड, मग शाळाच नको म्हणायला लागली. सगळे म्हणाले टेन्शन घेतीया. खोदून विचारलं तर संडासाला आतनं कडी नाही, म्हणून आमची पोरगी दिवसभर पाणीच पीत नव्हती! पाळी सुरू झाल्यावर तर जास्तच. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, मीटिंगला जाऊन चार बायकांनी मिळून बोललो, कडी बसली. सगळंच मनाचं नसतं हो, आधी शाळेत जाऊन संडास बघून या.

शहापूर, दोन मुलांची आई
कडी बसवून सुटलं ते नशीब तुमचं. आमचा मोठा आजारपणानंतर शाळेत जायचाच बंद झाला. गेटपर्यंत यायचा आणि पाय रोवून उभा राहायचा. नातेवाइकांनी दृष्ट काढून झाली, एकानं हॉस्टेलला टाका म्हणून सांगितलं (त्याला मी चहासुद्धा विचारला नाही). शेवटी धारवाडला डिमहान्सला, म्हणजे मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं सांगितलेलं एक मला आजपर्यंत उपयोगी पडतंय: घरी ठेवलं की त्या दिवशी पोराला बरं वाटतं, खरं दुसऱ्या दिवशीची भीती वाढते, आणि उचलून आत ढकललं तरी वाढतेच. मग पायऱ्या ठरवून दिल्या. आधी नुसता युनिफॉर्म घालून गेटपर्यंत जायचं आणि परत यायचं. मग ऑफिसात बसायचं. मग त्याला आवडणारा चित्रकलेचा तास, मग अर्धा दिवस. एक पायरी अंगवळणी पडल्याशिवाय पुढची नाही. सोडायला रोज एकच माणूस, आमच्याकडं त्याचे काका, कारण मी गेले की दोघंही रडायचो. शाळेच्या वेळात घरी असला तर टीव्ही मोबाईल बंद, शिक्षा म्हणून नाही, घर शाळेपेक्षा गोड लागू नये म्हणून. गणपतीच्या सुट्टीनंतर परत पहिल्यापासनं सुरू झालं, तेव्हा मी खचलेच होते, तिथले म्हणाले मोठ्या सुट्टीनंतर असं होतंच, दोन पायऱ्या खाली येऊन परत चढा.

बाई (मराठी शाळा)
शिक्षिका म्हणून लिहिते. गप्प बसणारं पोर आम्हाला वर्गात शहाणं वाटतं, तिथंच घोटाळा होतो. मारणं, घालूनपाडून बोलणं याला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं बंदी आहे, तेव्हा असं काही असेल तर हेडमास्तरांना लेखी द्या, तोंडी नको. दुसरं, आपली पोरं देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या एकदम शिकतात, त्यामुळं थोडा गोंधळ होणारच. खरं घरच्या भाषेतसुद्धा वाचताना अक्षरं उलटसुलट होत असतील तर तपासून घ्या. अशी अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकायला जड जाणं) 2016 च्या दिव्यांग कायद्यात आहे, सर्टिफिकेट असलं की परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून सर्टिफिकेट न काढणारे पालक बघितले की मला राग येतो, स्पष्टच सांगते.

हिंडलगा
एसएसएलसीवाल्यांसाठी, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीच्या पोरांसाठी. 2024 पासून एकाच वर्षात एकाहून जास्त परीक्षा देता येतात आणि चांगले मार्क धरतात, हे माझ्या भाच्याला नीट समजावलं तेव्हा कुठं तो रात्री झोपायला लागला. आणि पोरगं ‘जगून काय करू’ असलं काही बोललं तर चेष्टेत काढू नका, एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416, फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो, भाषा निवडता येते.

टिळकवाडीची आई
शहापूरच्या ताई, धारवाडला जाताना काय काय न्यायचं?

शहापूर, दोन मुलांची आई
सकाळी लवकर निघा, केसपेपरला रांग असते. आधीचे रिपोर्ट, प्रगतिपुस्तक आणि चालू वर्षाच्या दोनतीन वह्या घ्या, वह्या बघतात. आणि मुलीला ‘फिरायला जातोय’ सांगून नेऊ नका, कुठं आणि कशाला ते खरं सांगा.