तिसरीतली मुलगी आई-बाबांजवळ झोपते, यात चूक काय?

धायरीकर आई
लेक आठ वर्षांची. अजून आमच्या दोघांच्या मध्येच झोपते. परवा सोसायटीतल्या हळदीकुंकवाला एकीने सगळ्यांसमोर सुनावलं, "एवढी मोठी झाली, अजून आईच्या कुशीत? बुजरी होईल." फार लागलं मनाला. दुसऱ्या खोलीत तिचा पलंग आहे. पण दिवा मालवला की ती माझ्या कानाची पाळी चिमटीत धरते आणि दिवसभराचं साठलेलं बोलायला लागते. व्हॅनमध्ये मोठी मुलं तिला रोज उठवून खिडकीची जागा घेतात, हे मला असंच कळलं. दुपारी विचारलं होतं तेव्हा "काही नाही" म्हणाली होती. मी ही सवय मोडणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

कोथरूडचा बाबा
मला नाही पटत. गप्पा पलंगाच्या कडेला बसूनही होतात. आमचा मुलगा चौथीपर्यंत आमच्यात झोपायचा. आम्ही आडवे होणार साडेअकराला, मग तोही तेव्हाच. या वयाला ९ ते १२ तास झोप लागते. २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं, ते मुलांच्या झोपेसाठीच ना? तो फायदा आम्ही घरीच घालवत होतो. आणि नवरा-बायकोने बोलायचं कधी? वर्षभर आमचं बोलणं किराणा आणि फी एवढंच उरलं होतं.

पेठेतली आजी
वाड्यात दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं झोपायचो. गाद्या घातल्या की पाय ठेवायला जागा नसायची. कुणी बुजरं निघालं नाही.

कोथरूडचा बाबा
आजी, तुम्ही भावंडांत, आजीजवळ झोपत असाल. आई-वडिलांच्या मध्ये नाही. फरक आहे.

वडगावची ताई
आमचा वन बीएचके. तरी मुलीने दहाव्या वर्षी आपणहून मागितलं, "मला माझा कोपरा पाहिजे." हॉलमधल्या दिवाणापुढे दोरी बांधून जुनी साडी सोडली. वेळ आली की मूल सांगतं, मात्र तेव्हा लगेच ऐकायला हवं. जपानमध्ये तर मूल मध्ये घेऊन झोपण्याला त्यांच्या लिपीतल्या 'नदी' या अक्षरासारखं झोपणं म्हणतात. तीन उभ्या रेघा, मधली आखूड.

धायरीकर आई
बाबा, झोपेचं तुमचं खरं आहे. आमच्याकडेही अकरा वाजतात. आजपासून साडेनऊला दिवा बंद, मी तिच्याजवळ. तिला झोप लागली की आम्ही दोघं गॅलरीत बसू. पलंग मात्र ती म्हणेल तेव्हाच.