मदत हवी आहे : लॉर्ड डेनिंग यांचा अल्पमतातला एखादा निकाल

विधीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांच्यावर मराठीत बोलायचं आहे. 1957 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयात, पोचलेला हा माणूस 1962 मध्ये आपणहून खालच्या अपील न्यायालयात 'मास्टर ऑफ द रोल्स' (तिथल्या दिवाणी शाखेचा प्रमुख) म्हणून परतला आणि 1982 पर्यंत तिथेच राहिला. वर पाच जणांत एक, इथे तिघांत एक, शिवाय अध्यक्षपद. तिघांत बहुमत मिळवणं सोपं, हिशेब सरळ आहे! पण तिघांतही उरलेले दोघे विरोधात गेले तर काय, हेच मला दाखवायचं आहे.

'कँडलर' खटल्यामधलं (1951) त्यांचं भिन्न मत उत्तम, पण ते या काळाच्या आधीचं. 'हाय ट्रीज' (1947) तर एकट्याने दिलेला निकाल. शीख विद्यार्थ्याच्या पगडीचा 'मंडला' खटला डेनिंग यांच्या मताप्रमाणेच एकमताने लागला. तो फिरवला लॉर्ड्सनी, 1983 मध्ये. क्रिकेटच्या मैदानाचा 'मिलर विरुद्ध जॅक्सन' (1977) जवळचा आहे, पण तिथे उपद्रवाच्या मुद्द्यावर ते एकटे पडले आणि मनाई हुकुमाच्या मुद्द्यावर जिंकले. म्हणजे अर्धंच काम.

बेली (BAILII) या ब्रिटिश निकालांच्या मोफत संकेतस्थळावर शोधलं, पण तिथे भिन्नमताचे निकाल वेगळे काढता येत नाहीत. सशुल्क डेटाबेस माझ्याकडे नाही. चरित्रं सुचवू नका, ती आहेत.

1962 ते 1982 मधला, करार किंवा अपकृत्य (टॉर्ट) कायद्यातला, डेनिंग पूर्णपणे अल्पमतात असलेला आणि मूळ निकालपत्र फुकट वाचता येईल असा खटला कोणता?