ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग शिकायचंय: तीर्थन, बरोट की कोकरनाग?

मंडळी, मदत हवी आहे.

मी चिपळूणजवळ वाढले. बाबांबरोबर वाशिष्ठीवर बांबूची काठी, गरी आणि गांडुळं घेऊन तासन्‌तास बसायचे, त्यामुळे मासा लागल्यावर हाताला बसणारा हिसका ओळखीचा आहे. फ्लाय फिशिंग, म्हणजे गरीला पिसं-धागे गुंडाळून केलेली नकली माशी दोराने फेकून मासा पकडणं, मात्र अगदी नवं. गेल्या दिवाळीत ९ फुटी, ५ वेटची (म्हणजे मध्यम वजनाच्या दोरासाठीची) रॉड घेतली. तेव्हापासून रोज सकाळी सोसायटीच्या मैदानावर माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून सराव चालू आहे. गांडुळाच्या गळाला शिसं असतं, ते दोर ओढून नेतं. इथे माशीला वजनच नाही, वजन दोराचं. तो मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे टाकायचा. ते थांबणंच अजून अंगवळणी पडलेलं नाही. दहातले चार-पाच नीट पडतात.

आता खऱ्या पाण्यावर जायचंय. आपल्या नद्यांत ट्राउट हा थंड पाण्याचा मासा तगणार नाही, पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याला ते सोसत नाही. म्हणून हिमाचल किंवा काश्मीर. सोबत १२ वर्षांची लेक आहे, तिलाही शिकायचंय.

हिमाचलातल्या तीर्थन नदीकडे ओढा जास्त आहे. चंदीगडहून मनालीच्या बसने औटला उतरायचं, तिथून लारजी, बंजार करत गुशैणी. कुल्लू खोऱ्यात १९०९ साली ब्राउन ट्राउट आणून सोडले, तो मासा आता तिथे नदीतच वाढतो. वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे, पण त्याच्या हद्दीत मासेमारी चालत नाही. दुसरा पर्याय हिमाचलातलंच, उहल नदीवरचं बरोट, तिसरा काश्मीरमधलं कोकरनाग.

अडचण तारखांची आहे. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण ते दिवस विणीचे. म्हणजे दिवाळी नोव्हेंबरात आली की ती सुट्टी गेलीच. लेकीची परीक्षा एप्रिलच्या मध्यावर संपते, आणि तेव्हा बर्फ वितळून नद्या फुगू लागतात. मग नवशिक्यांनी जायचं कधी आणि कुठे? गुडघाभर पाण्यात सुरक्षित उभं राहता येईल, मागे दोर उलगडायला मोकळी जागा मिळेल असे पट्टे कुठे आहेत? मासे आम्ही परत सोडणार आहोत.

जुना_गळ: ताई, मी तीर्थनला तीनदा गेलोय. एप्रिलच्या शेवटी पहाटे लवकर पाण्यावर जा. रात्रीच्या थंडीत वितळणं मंदावतं, त्यामुळे सकाळी पाणी कमी आणि नितळ असतं, दुपारनंतर चढतं. गुशैणीच्या आसपास मोठे धोंडे आहेत, त्यांच्यामागे पाणी संथ होतं, ट्राउट तिथेच तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. म्हणून खालच्या बाजूने जायचं, वरून गेलात तर तो आधी तुम्हाला बघतो. काठाला झाडी फार आहे, मैदानावरचा लांब कास्ट (दोराची फेक) तिथे चालत नाही. ८-१० मीटरचाच सराव करा. आणि परवाना मत्स्य विभागाकडून आधी काढा.

पहाडी_पुणेकर: लेकीसोबत पहिल्यांदा जाताय तर मी कोकरनाग म्हणेन. तिथलं पाणी झऱ्याचं आहे, बर्फाच्या नदीसारखं दुपारी एकदम वाढत नाही. काश्मीरात हंगाम एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत असतो, आणि नद्यांचे ठरावीक पट्टे पाडलेले असतात. त्यांना बीट म्हणतात, परवाना बीटपुरता मिळतो, त्यामुळे गर्दी नसते. तीर्थनला ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा, पावसाचा गढूळपणा गेलेला असतो. मासा सोडणार असाल तर गरीची उलटी काटेरी टोकं पकडीने दाबून टाका, आणि हात ओले केल्याशिवाय माशाला धरू नका. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर जातो, मग बुरशी लागून तो पुढे मरतो.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. हात ओले करायचं मला कुणी सांगितलंच नव्हतं, वाशिष्ठीवर आम्ही मासा सरळ टोपलीत टाकायचो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कोकरनाग पक्कं करतेय. दहा मीटरचा सराव उद्यापासून, झाडाखाली उभं राहूनच. आता फक्त एक सांगा: फेल्टच्या (जाड, दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या) तळाचे पाण्यात चालायचे बूट लेकीच्या मापाचे, ४ नंबरचे, पुण्यात कुठे मिळतील का? तिचे साधे रबरी बूट शेवाळलेल्या दगडावर घसरतात, एवढं मी सिंहगडाच्या पायथ्याच्या ओढ्यात पाहिलंय.