बाबांच्या जुन्या माउझरवर आयर्न साइट (बिनदुर्बिणीची, खाच-माशीची साइट) कोणती बसवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबांची रायफल आता माझ्याकडे आली आहे आणि तिच्या साइटपाशी माझं गाडं तीन महिने अडलं आहे. जाणकारांचा सल्ला हवा आहे. लिहिणं थोडं लांबेल, पण माहिती अर्धवट दिली तर उत्तरही अर्धवटच मिळणार.

रायफल मूळची कार ९८के, म्हणजे माउझरची जर्मन लष्करी रायफल, काडतूस ७.९२×५७. लष्करातून निघाल्यावर कुणीतरी तिची शिकारी रायफल केली. वरचं लाकूड काढलं, ६०० मिमीची नळी कापून ५५० केली, दस्ता नवा चढवला. मागची लष्करी साइट मात्र तशीच ठेवली: १०० ते २००० मीटरच्या खुणा, व्ही आकाराची खाच. नळीच्या कापलेल्या तुकड्याबरोबर मूळची माशी (नळीच्या तोंडाशी असलेली पुढची साइट) गेली. तिच्या जागी रॅम्पवर (नळीवरच्या उतरत्या चौथऱ्यावर) पितळेच्या गोल मण्याची माशी आहे, मणी २.४ मिमीचा. हेडस्पेस (बंद बोल्टमागे काडतुसाला मिळणारी जागा) आणि नळी गनस्मिथकडून तपासून घेतली, दोन्ही उत्तम.

दुर्बीण बसवायची नाही, हे आधीच सांगते. ही रायफल मॅगझिनच्या जरा पुढे एका हातात धरली की आपोआप तोलून राहते. बाबा ती अशीच धरून चालायचे आणि मलाही तशीच हवी आहे. शिवाय झाडीत ३० ते ८० मीटरवरच नेम धरायचा असतो, त्यापलीकडे मी गोळी टाकत नाही.

आता अडचण. बॅकसाइट १०० च्या खुणेवर ठेवूनही १०० मीटरवर गोळी २२ सेंमी वर लागते. याचा हिशोब मी केला आहे. माशी आणि खाच यांच्यात ४५० मिमी अंतर आहे, म्हणजे २२० गुणिले ४५०, भागिले १,००,०००. उत्तर येतं ०.९९. ज्यांनी नळी कापली त्यांनी माशी जवळजवळ १ मिमी बुटकी बसवली. एवढंच असतं तर उंच माशी लावून मोकळी झाले असते.

खरा प्रश्न माझ्या डोळ्यांचा आहे. वय ५३. माशीवर नजर ठेवली की खाचेच्या दोन्ही कडा विरघळतात आणि मणी नेमका कुठे बसला आहे ते कळत नाही. कागदावर त्याचा परिणाम वर-खाली दिसतो: पाच गोळ्यांचा ग्रुप आडवा ६ सेंमी, उभा १७. सकाळी ऊन उजवीकडून असलं की सगळा ग्रुप डावीकडे सरकतो, तेही लक्षात आलं आहे.

म्हणून एक प्रयोग केला. नेमबाजीच्या चष्म्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि तिला दीड मिमीचं भोक पाडलं. रिकामी रायफल खांद्याला लावून पाहिलं तर मण्याची कड एकदम रेखीव! कितीतरी वर्षांनी अशी दिसली. पण संध्याकाळी दिवस कलल्यावर त्याच भोकातून झाडी नुसती काळी. भोक ३ मिमीचं केलं तेव्हा उजेड आला, पण मणी थोडा मऊ झाला.

तर, रिसीव्हरवर (बोल्ट सरकतो त्या धातूच्या सांगाड्यावर) पीप साइट, म्हणजे भोकातून बघायची मागची साइट, बसवावी का? विल्यम्स किंवा लायमनच्या साच्याची, बाजूने स्क्रूने बसणारी? की लष्करी साइटचीच खाच रुंद करून चौकोनी करावी? आणि माशी कोणती? एकदा भोकं पाडली की परत फिरता येणार नाही, म्हणून आधी विचारते आहे.

उत्तर

ताई, चिकटपट्टीच्या प्रयोगाने तुमचं निम्मं काम झालं आहे. पीपच बसवा. खाच रुंद केल्याने कडा अंधूक व्हायच्या थांबणार नाहीत. खाच डोळ्यापासून लांब सरकवली तर थोडा फरक पडतो, पण मग साइटमधलं अंतर कमी होतं आणि लहानशी चूकही मोठी होते. पीप उलटी डोळ्याजवळ येते. रिसीव्हरच्या मागच्या ब्रिजवर (बोल्टवरच्या आडव्या पुलावर) बसवली की तुमचे ४५० मिमी साधारण ७०० होतील. नेम धरताना ०.१ मिमी चुकलं तर आत्ता १०० मीटरवर २२ मिमीचा फरक पडतो, तेव्हा १४ चा पडेल.

उजेडाची काळजी नको. या साइट्समध्ये भोकाची चकती आट्यांवर फिरवून काढता येते. कागदावर झिरो करताना (नेम आणि गोळी जुळवताना) बारीक चकती, जंगलात चकती काढून नुसतं मोठं कडं. कड्याच्या मध्यभागी माशी आणायला डोळ्याला शिकवावं लागत नाही, तो आपणहून आणतो. तुम्ही माशीकडे बघा, कड्याकडे मुळीच नको.

जुनी साइट नळीवरून उतरवू नका. तिची बाही नळीला डाखाने धरलेली असते, उगाच तापवायला नको. नुसतं वरचं पान स्प्रिंग दाबून काढा, कारण ते पीपच्या रेषेत येईल. जपून ठेवा, हवं तेव्हा परत बसेल.

भोकं घरी पाडू नका. या रिसीव्हरचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, साधा ड्रिल वरच घसरतो आणि भोक तिरकं जातं. मऊ करायला तापवण्याचा सल्ला कुणी दिला तर रायफल उचला आणि घरी या. जिगवर (भोक सरळ पाडायच्या पकडीत) धरून कार्बाइडच्या ड्रिलने करणारा माणूस शोधा.

माशी शेवटी. पीप आधी तिच्या उंचीच्या मध्यावर लावा आणि उंच, सपाट पात्याची स्वस्तातली माशी घाला. ५० मीटरवर गोळी खाली लागेल. पातं कानसीने थोडं थोडं उतरवा, म्हणजे गोळी वर येत जाईल. जुळलं की त्याची उंची वर्निअरने मोजा आणि त्या उंचीची मण्याची माशी मागवा. मणी कानसता येत नाही, म्हणून हा द्राविडी प्राणायाम. मणी सपाट तोंडाचा घ्या. गोल मण्यावर उजवीकडचं ऊन उजव्या गालावर चमकतं, आपण ती चमकच मधोमध धरतो आणि गोळी डावीकडे जाते. तुमचा सकाळचा ग्रुप त्यामुळेच सरकतो.

२.४ मिमीचा मणी १०० मीटरवर साधारण २८ सेंमी झाकतो, १.६ मिमीचा १९. तुमच्या अंतरांना १.६ पुरेल. झिरो असा करा की गोळी मण्याच्या माथ्यावर लागेल, मग लक्ष्य झाकलं जाणार नाही.

हे सगळं करण्याआधी एक सांगा: दस्त्यावर गाल टेकतो ती जागा उंच आहे का? रिकामी रायफल डोळे मिटून खांद्याला लावा, गाल सहज ठेवा आणि मग डोळे उघडा. नजर साइटच्या रेषेत आहे की वर?

धागाकर्ती

दादा, खूप आभार. आत्ताच करून पाहिलं, दहा वेळा. दर वेळी नजर खाचेच्या वर येते. रेषेत यायला गाल लाकडात रुतवावा लागतो, आणि आता कळलं की आठ-दहा गोळ्यांनंतर गालाचं हाड का दुखायचं. खाचेवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या चढवत गेले तेव्हा ९ मिमीवर नजर बरोबर बसली. म्हणजे पीप उंच असली तर माझ्या दस्त्याला सोयीचीच, फक्त माशीही त्याच हिशोबाने उंच लागेल. आत्ताच्या रॅम्पच्या खाचेत एवढी उंच माशी ठेवली तर झाडीत अडकून वाकेल अशी भीती वाटते. रॅम्पच उंच घ्यावा का? नळीचा तोंडाजवळचा व्यास उद्या मोजून इथे लिहिते.